रिकामा मांडव

१

तलासरीच्या बाजारात नविनशेठचा स्टुडिओ कुठे म्हणून कुणालाही विचारा, तो पत्ता सांगायच्या आधी नविनशेठचा एखादा किस्सा सांगेल. माणूसच तसा. शाळा सातवीपर्यंत, पण कॅसेट गेली, सीडी गेली, पेनड्राइव्ह आला, तरी ह्याची गादी हलली नाही. गुरू कोण म्हणाल तर बिघडलेली मशीनं. "चालू मशीन काय शिकवणार? बंद पडलं की बोलायला लागतं," असं तो म्हणायचा.

ह्या नविनशेठकडे सायवनची शितल शिकायला आली. डहाणूच्या कॉलेजात मीडियाच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजवाल्यांना दोन महिन्यांच्या कामाचा सहीचा कागद हवा होता. मुंबईला जाऊन राहायची सोय नाही, म्हणून पोर सायवनहून जीपने तलासरीला यायची आणि दुकानामागच्या एडिटिंगच्या खोलीत बसायची. खोली म्हणजे आठ बाय आठ. खिडकी नाही. दाराला दुहेरी काळा पडदा, एक बाक, दोन स्क्रीन, आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेला श्रीखंडाचा डबा.

"आवाज आधी बेटा, चित्र मग," हा पहिला धडा. "डोळा भोळा असतो, काय पण खपवून घेतो. कान म्हणजे सासू."

दुसरा धडा रिकाम्या मांडवाचा. लग्नघरी पोचलं की पाहुणे जमायच्या आधी कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि एक मिनिट नुसता रिकामा मांडव घ्यायचा. चित्र आणि शांतता, दोन्ही. पुढे चित्रातून काही पुसायची वेळ आली, तर त्या जागी रिकाम्या मांडवाचा तुकडा बसवता येतो. गाण्यात कुणी खोकलं, तर तिथे रिकाम्या मांडवाची शांतता भरता येते. हे शेठला कुणी शिकवलं नव्हतं. ठेच लागून कळलं होतं.

आणि पुसायच्या वेळा फार येतात. एकाने बांधावरून भांडण झालं म्हणून साडूला अख्ख्या लग्नातून काढायला लावलं. शेठने काढला. आठ महिन्यांनी तोच माणूस पेढे घेऊन हजर. "शेठ, साडूला परत टाका की! दोघांत मिळून ट्रॅक्टर घेतलाय."

"म्हणून सांगतो शितलबेन," शेठ म्हणाला, "काढलेला माणूस फेकायचा नाही. ठेवून द्यायचा." हार्डडिस्कवर एक फोल्डरच होता. नाव 'काढलेले'. शितलने उघडून पाहिलं. साडू, जावई, एक काकू, एक भटजीसुद्धा. अडतीस जणं गपगुमान बसलेली.

२

ऑक्टोबरच्या एका दुपारी अच्छाडकडच्या पाड्यावरचा भीमा आला. बरोबर त्याची बायको शांती. मे महिन्यात त्यांच्या विपुलचं लग्न झालं होतं, शूटिंग शेठचंच. लोक लग्नाचा व्हिडिओ न्यायला असेच येतात, पाऊस उतरला आणि भातकापणी लागायची असली की. शेठ मात्र त्याच सकाळी भाच्याच्या साखरपुड्याला वलसाडला गेला होता, पाच दिवसांसाठी.

"रूपीला काढा त्याच्यातनं," भीमा उभ्याउभ्याच म्हणाला.

रूपी म्हणजे त्याची मुलगी, विपुलची धाकटी बहीण. लग्नात तीच करवली. जूनमध्ये ती अच्छाडच्या ढाब्यावर काम करणाऱ्या एका मुलाबरोबर निघून गेली होती.

"काढते काका. पण करवली आहे ती. हळदीत, वरातीत, सगळीकडे..."

"सगळीकडनं काढ. आमी तिच्या नावानं आंघोळ केलेय. आनि तो मूळचा व्हिडिओ असतो ना, तोपन नको. उद्या कोनी आनून दाखवंल मला."

शितलने शेठची पद्धत सांगून पाहिली. भीमा ऐकेना. "शेठ नाय, तू हायस. ठेवनार असशील तर मी माझी शूटिंगची चिप घेऊन वापीला जातो दुसऱ्याकडं."

शितलच्या हातातलं हे पहिलं स्वतंत्र काम. शेठ परत येईल तेव्हा तयार माल त्याच्या हातात द्यायचा, शाबासकी घ्यायची, असं तिच्या मनात. नवा माणूस इथेच फसतो. गिऱ्हाईक जाईल ह्या भीतीने दुकानाचा नियम मोडतो.

"बरं," ती म्हणाली. "काम झालं की मूळ पुसते."

निघताना शांतीने काऊंटरवरच्या बंद स्क्रीनवरून पदराने एकदा धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

दोन दिवस शितल मान मोडून बसली. हळदीचा प्रसंग सगळ्यांत अवघड. आठ बायका सतरंजीवर ओळीने बसलेल्या, मधोमध हिरव्या पोलक्यातली रूपी, हातांत लाखेच्या लाल बांगड्या. गाणं तीच सांगत होती. ती एकटी विचारायची, "मांडवी कोन गो बसली?" आणि बाकीच्या सात जणी उत्तर द्यायच्या, "करवली बसली गो, करवली बसली."

शितलने 'रिकामा मांडव' नावाची बेचाळीस नंबरची क्लिप उघडली. बांबूचे खांब, आंब्याची पानं, ताडपत्रीच्या फटींतून सतरंजीवर पडलेले उन्हाचे पट्टे. माणूस नाही, कोंबडीसुद्धा नाही. रूपीच्या जागेएवढा तुकडा त्यातून घेऊन तिने ओळीत बसवला. रंग जुळवले, कडा मऊ केल्या. रूपीचा आवाज कापून तिथे रिकाम्या मांडवाची शांतता भरली. काम सुरेख झालं. सराईत माणसालाही सापडलं नसतं.

मग तिने मूळच्या सगळ्या क्लिपा पुसल्या. रिकामा मांडव तेवढा ठेवला. त्यात रूपी नव्हती, मग पुसायचं कशाला?

३

तिसऱ्या दिवशी तिने तयार व्हिडिओ पहिल्यापासून पाहिला. हळदीला आली आणि कानाला काहीतरी खुपलं.

शांतता. मग सात बायका एकदम, "करवली बसली गो, करवली बसली." पुन्हा शांतता. पुन्हा सात बायका. विचारणारं कुणी नाही आणि ह्या उत्तर देतायत. डावीकडच्या तिघी उजवीकडे बघून हसत होत्या, उजवीकडच्या चौघी डावीकडे. मध्ये सतरंजीचा एक तुकडा, त्यावर ऊन.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. चूक तिचीच, बायकांच्या नजरा कशा पुसणार? शांततेचे तुकडे जरा छोटे करावेत म्हणून तिने बेचाळीस नंबरची क्लिप पुन्हा उघडली.

सतरंजीला मधोमध खळगा पडला होता.

कुणी बसून उठलं की पडतो तसा. शितलने स्क्रीनच्या जवळ जाऊन पाहिलं. आधी होता का? असेल. आपण ऊन बघत होतो, सतरंजी कुठे नीट पाहिली? तिने स्वतःची समजूत घातली, चहा मागवला, बिस्किट खाल्लं. मग हेडफोन लावून क्लिपचा आवाज ऐकला. पानांची सळसळ. लांबून हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न. आणि अठराव्या सेकंदाला, खण्ण.

बांगडी बांगडीवर आपटली होती.

मांडवाबाहेर कुणी बाई गेली असेल, शितल म्हणाली. म्हणाली म्हणजे मोठ्याने म्हणाली, आणि त्या आठ बाय आठच्या खोलीत स्वतःच्या आवाजाने स्वतःच दचकली.

४

चौथ्या दिवशी दुपारी बाराला, बाहेर बाजार भरात असताना, भाजीवाल्यांचा ओरडा दोन पडद्यांतून आत येत असताना, बेचाळीस नंबरच्या क्लिपमध्ये रूपी बसलेली होती.

पाठमोरी. हिरवं पोलकं, सैल अंबाडा, त्यात सुकलेली आबोली. लांब, मांडवाच्या पार टोकाला, खांबाशी. इतकी स्थिर, की नीट न पाहिलं तर गाठोडं वाटावं.

मीडियाची विद्यार्थिनी होती पोर. भुताखेतांच्या गोष्टी ऐकून घाबरणारी नव्हती. तिने कारणं मांडली. एक, मास्क, म्हणजे चित्राचा नको तो भाग झाकायची चौकट, चुकून उलटा लागला असेल. पाहिलं, क्लिपवर मास्कच नव्हता. दोन, मशीनच्या आठवणीत जुने तुकडे राहिले असतील. सगळं साफ केलं, मशीन बंद करून चालू केलं. क्लिप उघडली. रूपी आता टोकाच्या खांबाशी नव्हती. मधल्या खांबाशी होती.

तीन, आपल्याच डोळ्यांना झापड आली असेल. तिने मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला. फोटोत सतरंजी रिकामी. उन्हाचे पट्टे, बस्स. स्क्रीनवर पाहिलं तर रूपी.

वलसाडला फोन लावला. मागे बँजो वाजत होता.

"शेठ, काढलेला माणूस कधी... दुसरीकडे सापडलाय तुम्हाला?"

"हां, एकदा!" शेठ ओरडून म्हणाला. "एका आत्याला काढली, तर ती आरशात राहिली. नवरीच्या मागच्या कपाटाच्या आरशात! आरसे बघून घ्यायचे बेटा. जेवलीस का?"

"जेवले," शितल खोटं बोलली.

तिने हेडफोन लावला. अठराव्या सेकंदाला बांगडी. तिसाव्या सेकंदाला कुणीतरी श्वास घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मांडवी कोन गो बसली?"

मग थांबलं. उत्तराची वाट बघणारं थांबणं. साठाव्या सेकंदाला क्लिप संपली, तोवर उत्तर आलं नव्हतं.

शितलच्या मनात तेव्हा पहिल्यांदा खरी भीती आली, आणि ती स्क्रीनमधल्या बाईची नव्हती. ही पोरगी कुठे आहे? जिवंत आहे ना? बापाने तिच्या नावाने आंघोळ केली, आपण तिचा शेवटचा तुकडाही पुसला. आता तिला बसायला जागा उरली ती एवढीच.

५

शनिवारी पावणेएकला पडदा सरला आणि शांती आत आली. एकटीच. हातात पालेभाजीची पिशवी, जशी काय बाजारालाच आली होती.

"बाय, एक काम हाय," ती बाकाच्या टोकावर टेकली. "त्यांना सांगू नको. त्यांनी टचवाला मोबाइल फोडला, घरातलं फोटोपन जाळलं. तू काढलीस ना रूपीला, त्याच्यातनं मला तिचं एक तोंड दे. कागदावर नको, ते सापडंल. हितंच ठेव. मी बाजाराच्या दिशी येईन, बघून जाईन."

खोटं बोलायला तीस कारणं होती. शितल म्हणाली, "काकी, मी पुसलं. सगळं. काकांनी सांगितलं होतं म्हणून."

शांती रागावली नाही. नुसती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "समदं? पाठमोरीपन नाय?"

पाठमोरी.

शितलने माऊसवर हात ठेवला. "एक क्लिप आहे. पण मला जे दिसतं ते तुम्हाला दिसेल की नाही, ते..." तिने बेचाळीस नंबर चालू केला.

रूपी आता अगदी जवळ होती. अर्ध्या स्क्रीनभर पाठ, मानेवर केसांची बट, कानामागे हळदीचा पिवळा डाग. शांती बाकावरून उठली, खाली फरशीवर मांडी घालून बसली, स्क्रीनपासून हातभर. मांडवात बसतात तशी.

अठरा सेकंद. खण्ण.

तीस सेकंद. "मांडवी कोन गो बसली?"

आणि ह्या वेळी कुणीतरी उत्तर दिलं. शांतीचा आवाज चिरका होता, सूर धड लागत नव्हता. "करवली बसली गो," ती म्हणाली, "माझी करवली बसली."

स्क्रीनवरची मान हलली. बट खांद्यावरून घसरली. कानातला मणी दिसला, मग गालाची कड, मग...

लाइट गेली.

अंधारात फक्त एसीच्या पाण्याचा ठिपका डब्यात पडला. टप. शितलला वाटलं, खोलीत दोन नाही, तीन जणींचा श्वास चालू आहे. ती मोजायला लागली आणि भीतीने मोजायची थांबली. तेवढ्यात पिशवीत, पालेभाजीखाली, शांतीचा बटणांचा फोन वाजला.

"कोन?" शांती म्हणाली.

फोनचा आवाज मोठा होता. त्या शांततेत शितलला शब्दन् शब्द ऐकू आला.

"आई, मी. कुनाचा तरी फोन घेतलाय. कंपनीत जेवायला बसली होती." थोडं थांबून, "तू आता गानं म्हटलंस का गो?"

शांतीने फोन दोन्ही हातांनी धरला. "जेव आधी," ती म्हणाली. "मग बोल."

लाइट आली. बेचाळीस नंबरच्या क्लिपमध्ये रिकामी सतरंजी होती आणि ऊन.

६

रविवारी भीमा व्हिडिओ न्यायला आला, शांती मागे. शेठही वलसाडहून पेढ्यांचा डबा घेऊन परतला होता. शितलने त्याला सकाळीच सगळं सांगितलं होतं. म्हणजे मूळ पुसल्याचं. बाकीचं जिभेवर आलं नाही. शेठ फक्त "हं" म्हणाला होता.

भीमा बाकावर मधोमध बसला. हळद आली. शांतता. "करवली बसली गो, करवली बसली."

"मागं घे," भीमा म्हणाला.

पुन्हा तेच. सात बायका रिकाम्या जागेकडे बघून हसत होत्या.

"ह्या कोनाला सांगतात?"

भीमाने तिसऱ्यांदा ऐकलं. मग पुढे टेकून त्या सतरंजीच्या तुकड्याकडे पाहत राहिला, विहिरीत पडलेली बादली शोधावी तसा. आपल्याच घरचा मांडव, आपलीच सतरंजी, आणि मधोमध ते भोक.

"लई चांगलं काढलंस," तो म्हणाला. ऐकायला ते शाबासकीसारखं नव्हतं.

मग तो बाकावर भिंतीकडे सरकला. शेजारची जागा त्याने तळहाताने दोनदा थोपटली.

"शांते, तिला आत बोलव. भायेर किती येळ उभी ठेवशील?"

शांती दगडासारखी झाली.

"मगाशी बसस्टँडवर बघितली मी. तू पदराआड लपवत होतीस. म्हातारा झालो, आंधळा नाय झालो."

दोन पडदे सरले. हिरव्या पोलक्यात नव्हती; कंपनीच्या निळ्या कुडत्यात होती, दमलेली, चांगली जिवंत, पायात ट्रकच्या धुळीने माखलेल्या चपला. ती बाकाच्या अगदी कडेला बसली. भीमाने तिच्याकडे पाहिलं नाही. "जावई काय करतो?" त्याने स्क्रीनला विचारलं.

"ढाबा सोडला. माझ्याच कंपनीत लागलाय."

"हं. त्याला सांग, कापनीला मानूस कमी हाय." मग घसा साफ करून शितलला, "हिला टाक परत."

शितलचा चेहरा पडला. आता घळाघळा रडणार, एवढ्यात शेठने खिशातून एक छोटी हार्डडिस्क काढून टेबलावर ठेवली. तिला साडीच्या घडीचा, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

"घरच्या कपाटातली," तो म्हणाला. "बेटा, शिकाऊ माणसाच्या हाती एकुलता एक माल कोण देतो? माझ्या उस्तादाने मला दिला नव्हता."

"तुमचा उस्ताद कोण? तुम्ही तर म्हणता, बिघडलेली मशीनं!"

"तेच. त्यांनीच."

सगळे हसले, शितल रडता रडता. तिने हार्डडिस्क लावली. ओळीत रूपी परत बसली, विचारायला लागली, बायका उत्तर द्यायला लागल्या. शांती ओठ हलवत होती.

"ह्याच्यात बेचाळीस नंबर कुठाय, शेठ?" शितलने विचारलं. एक्केचाळीस होता, पुढे एकदम त्रेचाळीस. "रिकामा मांडव. तुम्ही घेतलेला."

"ह्या लग्नात? नाही गं. फाट्यावर टायर पंक्चर, पोचलो तेव्हा हळद अर्धी झालेली. रिकामा मांडव मला मिळालाच नाही. अजून रुखरुख आहे."

शितलने स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहिलं. तिथे ठेवलेली ती एकच क्लिप आता नव्हती. तिने आपला तयार व्हिडिओ पुन्हा उघडला. रूपीच्या जागी सतरंजीचा तुकडा होता, तिनेच बसवलेला, कडा मऊ केलेला. त्यावर दुपारचं ऊन. आणि ओळीच्या मागे, बायकांच्या डोक्यावर, रात्रीच्या हळदीचे दिवे पेटलेले. तिच्या भोळ्या डोळ्यांनी हे आजवर खपवून घेतलं होतं.

मग ही जागा मी भरली कशानं?

प्रश्न तिने मोठ्याने विचारला नव्हता. पण रूपी बाकावरून त्या तुकड्याकडे टक लावून बघत होती, ओळखीची गल्ली दिसावी तशी.

"अशीच होती ती जागा," ती हळूच म्हणाली. "इतकं दिस ऊन सारखं पायावर यायचं."

खोलीला खिडकी नव्हती. तरी रूपीने उजवा पाय आत ओढून घेतला, चटका बसल्यासारखा. भीमाने ते पाहिलं. भिंतीला अगदी चिकटून तो आणखी थोडा सरकला, आणि म्हणाला, "हिकडं ये. सावलीत."